डाउन सिंड्रोम असलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा भाऊ बदललाय: आधी काय तपासायचं आणि मग घरात काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा धाकटा भाऊ ४८ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. वडील रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई सव्वा वर्षापूर्वी गेली आणि भाऊ ताईंकडे राहायला आला. रोज सकाळी सांचीच्या बूथवरून दूध आणणारा हा माणूस आता जिना उतरायला नको म्हणतो, अंघोळीला आरडाओरडा करतो, रात्री घरभर फिरतो, शर्टाची बटणं लावता लावता मध्येच थांबून बसतो. घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "यांच्यात म्हातारपण लवकर येतं, आता असंच चालायचं." ताईंनी विचारलंय: हा डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे का, असला तर घरी कसं सांभाळायचं, आणि पुढे त्याला संस्थेत ठेवावं लागेल का?

ताई, डॉक्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, लवकर येतो आणि बहुतेकांना येतो. ‘असंच चालायचं’ हे मात्र मला मान्य नाही.

डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९५९ साली फ्रान्समध्ये दाखवलं. याच गुणसूत्रावर एपीपी नावाचं जनुक आहे, आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यांचा, म्हणजे अमायलॉइडचा, थर अल्झायमरमध्ये मेंदूत साचतो. एक प्रत जास्त, म्हणून हे साचणंही लहान वयापासून जास्त. चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा असतात. लक्षणं दिसायला आणखी वर्षं जातात. निदानाचं सरासरी वय पन्नाशी ते पंचावन्नच्या दरम्यान पडतं आणि आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर आहे. चाळिशीच्या आत मात्र तो क्वचित असतो. विशी-पंचविशीतलं मूल अचानक मागे गेलं तर ती वेगळी गोष्ट असते आणि तिला डिमेन्शिया म्हणायची घाई करू नये. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तुम्हाला आलेली शंका रास्त आहे.

पूर्वीच्या डॉक्टरांना हे फारसं दिसलं नाही, कारण ही माणसं तेवढी जगतच नव्हती. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं, आता ते ६०च्या घरात गेलंय. म्हणून तुमच्या डॉक्टरांवर फार रागावू नका. पण त्यांच्याकडून पुढच्या तपासण्या लिहून घेतल्याशिवाय उठूही नका. तुम्ही जे चित्र लिहिलंय ते हुबेहूब उभं करणारे आणि उपचार असलेले किमान पाच-सहा आजार आहेत, आणि ते सगळे डाउन सिंड्रोममध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात.

पहिला थायरॉइड. तो कमी पडला की माणूस मंदावतो, जाड होतो, बद्धकोष्ठ होतं, काही करावंसं वाटत नाही. डाउन सिंड्रोममध्ये टीएसएच तपासणी दर वर्षी व्हायला हवी, आणि मोठ्या वयात नेमकी तीच सुटते. त्याच रक्तात बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, किडनी आणि लिव्हर करून घ्या. बी-१२ वर माझा विशेष जोर आहे. पिढीजात शाकाहारी घर आणि त्यात आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू, असा माणूस विसराळू झाला तर मी आधी बी-१२च बघते. सिलिअॅक म्हणजे गव्हाचं न पचणं, तेही यांच्यात जास्त. गव्हावर जगणाऱ्या आपल्या माळव्यात वजन घटत असेल किंवा जुलाब लागत असतील तर त्याचीही रक्ततपासणी सांगा.

दुसरं म्हणजे कान आणि डोळे. यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ साचून घट्ट बसतो, आणि ऐकू कमी येणारा माणूस ‘ऐकतच नाही’ म्हणून बोलणी खातो. कान-नाक-घसावाल्यांकडून मळ काढून श्रवणचाचणी करून घ्या. मोतीबिंदूही लवकर होतो. जिन्याची भीती मोतीबिंदूमुळे असू शकते, डिमेन्शियात पायरीची खोली कळेनाशी होते त्यामुळे असू शकते, आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे मान. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल असू शकतात. वयाबरोबर मान झिजते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. चाल बदलणं, पाय ओढत चालणं, हाताची पकड कमी होणं, बटणं न लागणं, कपड्यात लघवी होणं, मान तिरकी धरणं, ही त्याची लक्षणं. तुमच्या पत्रात जिनाही आहे आणि बटणंही आहेत. ‘विसरला म्हणून बटण लावत नाही’ की ‘बोटं वळत नाहीत म्हणून लावत नाही’, हा फरक न्यूरॉलॉजिस्टने हात-पाय तपासल्याशिवाय कळत नाही. मानेचा एक्स-रे आणि गरज पडली तर एमआरआय करावा. मोतीबिंदूचं किंवा दातांचं काम भूल देऊन करायचं ठरलं तर भूलतज्ज्ञांना मानेबद्दल आणि झोपेतल्या श्वासाबद्दल आधी सांगायचं. ते विचारतील असं धरून चालू नका.

झोपेतला श्वास म्हणजे स्लीप अॅप्निया, झोपेत श्वास मध्येच अडणं. डाउन सिंड्रोमच्या मोठ्या माणसांमध्ये तो अतिशय जास्त आढळतो. भाऊ घोरतो का, घोरता घोरता आवाज बंद पडून मग दचकून श्वास घेतो का, बसून पुढे वाकून झोपतो का, ते बघा. रात्री दोनदा उठून दहा-दहा मिनिटं त्याच्याजवळ थांबा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. रात्रभर प्राणवायू कमी मिळाला की दिवसा चिडचिड, गोंधळ, पेंग हे ओघानेच येतं. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी दबतो. कृपा करून शेजारच्या मेडिकलवरून काही आणू नका.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून दाखवायला न्या. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवी आवरायच्या काही गोळ्या, आणि मानसिक आजाराच्या औषधांबरोबर सवयीने लिहिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, या तिन्हींनी आठवण आणि भान कमी होतं. कधी कधी एवढी एक गोळी बंद करून माणूस निम्मा परत येतो.

आणि आई. ताई, तुमच्या पत्रात आईचा उल्लेख एका ओळीत येऊन गेलाय, पण माझ्या दृष्टीने तो कदाचित सगळ्यात मोठा मुद्दा आहे. जन्मापासून एकाच माणसाबरोबर राहिलेला हा भाऊ. आई गेली, घर बदललं, खोली बदलली, दूध आणायचा रस्ता बदलला. यांच्यात दुःख उशिरा वर येतं, कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने, आणि ते रडण्यातून न येता खाणं सोडण्यातून, न बोलण्यातून, अंघोळीच्या भांडणातून येतं. नैराश्य डिमेन्शियासारखंच दिसतं, आणि त्याला औषध आहे. शिवाय आई त्याची दुभाषी होती. त्याचे शब्द अर्धे, उच्चार जड. ‘बुबू’ म्हणजे पाणी की पोटदुखी, हे फक्त तिला ठाऊक. ती गेल्यावर त्याचं बोलणं कमी झालं असेल, तर समजून घेणारं कुणी उरलं नाही हेही कारण असू शकतं. त्याला जवळून ओळखणाऱ्या मावशी, आत्या, जुन्या शेजारीणबाई यांना बसवून त्याच्या शब्दांची यादी करा आणि ती स्वयंपाकघराच्या दारावर लावा. पुढे बाई ठेवाल तेव्हा तिलाही ती लागेल. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका हिंदी बोलतात. याला शाळेत हिंदी आली असेल, पण आजार वाढला की उशिरा शिकलेलं आधी जातं आणि घरची मराठी टिकते. बाईला दहा-पंधरा मराठी शब्द शिकवणं त्याला हिंदीत समजावत बसण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

हे सगळं तपासून, सुधारता येईल ते सुधारून, तरी घसरण चालूच राहिली तर मग डिमेन्शियाचं निदान. ‘आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा’ छापाच्या चाचण्या इथे निरुपयोगी आहेत, कारण ते त्याला कधीच येत नव्हतं. त्याची तुलना फक्त त्याच्याशीच करायची. आत्ताचा तो आणि पस्तिसाव्या वर्षाचा तो. म्हणून मी नेहमी जुने व्हिडिओ मागवते. मुंजी-लग्नातले, गणपतीतले, वाढदिवसाचे. कसा चालतो, किती बोलतो, ताटातलं कसं खातो, सगळं त्यात असतं. एनटीजी-ईडीएसडी नावाची एक प्रश्नावली आहे. ती घरच्यांनीच भरायची, फुकट मिळते आणि डाउन सिंड्रोममध्ये चाळिशीपासून दर वर्षी भरावी अशी शिफारस आहे. ती तुम्ही आत्ता भरा आणि सहा महिन्यांनी पुन्हा. हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरात तिशीतलं माणूस आहे त्यांनी आजच कागदावर लिहून ठेवावं की तो स्वतः काय काय करतो, आणि सोबत पाच मिनिटांचा व्हिडिओ काढावा. पुढे तोच सगळ्यात मोलाचा रिपोर्ट ठरतो.

एक लक्षात घ्या. इतरांच्या अल्झायमरमध्ये आधी विसरणं दिसतं, यांच्यात बरेचदा आधी स्वभाव बदलतो. हट्ट वाढतो, आवडीचं सोडून देतो, एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना अडकतो. घरचे त्याला ‘आळशी झालाय, लाडावलाय’ म्हणतात. बटणं लावता लावता मध्येच थांबणं या जातीचं असू शकतं. पुढची पायरी काय ते सापडत नाही.

समजा निदान डिमेन्शियाचंच झालं. आता घराकडे येते, आणि इथे मला तुमच्या घरासारख्या चांगल्या घरांचीच जास्त काळजी वाटते. तुमच्या आईने चाळीस वर्षं त्याला शिकवलं. बटण लाव, दूध आण, सुटे पैसे मोज, स्वतःचं ताट स्वतः उचल. ‘तुला येतं, तू कर’ हे त्या घरातलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य असेल. तेच वाक्य आता त्याला बोचतं. जे येत होतं ते आता येत नाही, का येत नाही ते त्याला सांगता येत नाही, आणि समोरचा म्हणतोय ‘तुला येतं’. त्यातूनच आरडाओरडा होतो. डिमेन्शियात सरावाने गेलेलं परत येत नाही. म्हणून शिकवणं थांबवायचं, चुका काढणं थांबवायचं, परीक्षा घेणं थांबवायचं. ‘ओळख पाहू मी कोण’ हा पाहुण्यांचा आवडता खेळ दारातच बंद करा. पाहुणा आला की तुम्हीच म्हणा, ‘बघ, नाशिकचा सुरेशमामा आला.’

याचा अर्थ त्याला नुसतं बसवून ठेवायचं असा नाही. काम ठेवायचं, त्यातली अडणारी पायरी आपण उचलायची. वरची दोन बटणं तुम्ही लावा, खालची त्याला लावू दे. नाहीतर सरळ बिनबटणांचे टी-शर्ट आणि नाडीऐवजी इलॅस्टिक आणा. दूध तुमच्याकडचं कुणीतरी आणेल, पण फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत पिशवी त्याच्या हातात द्या आणि आई म्हणायची तसं ‘आणलंस का रे दूध?’ म्हणा. घड्या घालायला पंचे द्या. वाकड्या घातल्या तर त्याच्यासमोर सरळ करू नका. आरतीला टाळ त्याच्याच हातात राहू द्या. गाण्याची चाल आणि ताल फार उशिरापर्यंत टिकतात, शब्द गेले तरी.

अंघोळीचं भांडण बहुतेक घरांत मिटतं, फक्त कारण शोधावं लागतं. एका घरी मी न्हाणीघरात उभी राहून बघितलं. चकचकीत राखाडी फरशी, वर ट्यूबलाइट, आणि फरशीवर तिचं प्रतिबिंब. त्या माणसाला तिथे पाणी साचलेलं दिसत होतं, पाय टाकायला तयार नव्हता. शिवाय दाराशी काळ्या ग्रॅनाइटचा उंबरठा, तो त्याला खड्डा वाटायचा. फिकट रंगाची, न घसरणारी रबरी चटई टाकली, उंबरठ्यावर त्याच रंगाची पट्टी चिकटवली आणि निम्मा आरडाओरडा गेला. उरलेला निम्मा डोक्यावर एकदम ओतलेल्या तांब्यामुळे होता. पाणी आधी पायावर, मग गुडघ्यावर, मग हातावर, डोकं सगळ्यात शेवटी किंवा आठवड्यातून दोनदाच. बसायला पाठीची प्लास्टिकची खुर्ची. अंगावर एक पंचा असू द्या, उघडं पडण्याची लाज त्याला अजूनही आहे. डिसेंबरच्या इंदुरी थंडीत सकाळी सातची अंघोळ हट्टाने घालू नका, दुपारी बाराला घाला. देवपूजेआधी अंघोळ झालीच पाहिजे असं सासूबाई म्हणत असतील तर त्यांची समजूत तुमच्या यजमानांनी काढावी, ते काम तुमचं नाही.

काळं पायपुसणंही खड्ड्यासारखंच दिसतं, ते बदला. दारातली भरगच्च रांगोळी त्याच्या वाटेतून बाजूला घ्या. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावा, पण खरं म्हणजे त्याची खाट खालच्या मजल्यावर आणा आणि जिन्याचा प्रश्नच संपवा. संडास भारतीय असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते. तिची सीट गडद रंगाची घ्या, पांढऱ्या भांड्यावर पांढरी सीट त्याला दिसत नाही. रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा. आरशात बघून तो कुणाशी भांडत असेल तर आरशावर कापड टाका.

आता खाणं. यावर थोडा जास्त वेळ घालवते, कारण शेवटच्या टप्प्यात या माणसांचा जीव बहुतेक वेळा न्यूमोनियाने जातो, आणि तो न्यूमोनिया बरेचदा घास श्वासनलिकेत गेल्यामुळे होतो. आपला इंदुरी नाश्ता, पोहे आणि वर शेव, गिळायला त्रास असणाऱ्यासाठी वाईट आहे. पोह्याचा दाणा सुटा, शेव कोरडी, मध्ये डाळिंबाचे दाणे आणि कांदा, म्हणजे एका घासात चार जातीचे तुकडे. जिलबी कडकही आणि चिकटही. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं भरड कूट, तेही तसंच. जेवताना किंवा पाणी पिताना खोकला, जेवणानंतर आवाज ओलसर घोगरा, जेवायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ, गालात घास धरून ठेवणं, पुन्हा पुन्हा ताप, यातलं काही दिसलं तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. गिळणं ते बघतात हे अनेकांना माहीतच नसतं. तोवर गुरगुट्या भात, तूप-मेतकूट, मऊ मुगाची खिचडी, लापशी, वरणात पूर्ण भिजवलेली पोळी, कुस्करलेलं केळं. पाण्यासारखं पातळ प्यायला सगळ्यात अवघड असतं, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. किती घट्ट करायचं ते थेरपिस्ट सांगतील. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, चमचा छोटा, एक घास गिळल्याची खात्री करून दुसरा, टीव्ही बंद, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. रात्री दात आणि जीभ पुसूनच झोपवा. तोंडातली घाणच पुढे फुप्फुसात जाते.

फिट्स. डाउन सिंड्रोमच्या डिमेन्शियात त्या इतर अल्झायमरपेक्षा पुष्कळ जास्त येतात. त्या नेहमी सिनेमात दाखवतात तशा नसतात. सकाळी उठल्या-उठल्या हाताला किंवा खांद्याला झटका बसतो, हातातला चहाचा कप उडतो, आणि घरचे म्हणतात ‘नीट धर ना’. असे सकाळचे झटके दिसले तर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. बहुधा लेव्हेटिरासेटामने सुरुवात करतात. तिने काहींची चिडचिड वाढते, तसं झालं तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवा. मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा-चप्पल नाही, पाणी नाही. पाच मिनिटांच्या वर चालली तर सरळ हॉस्पिटल.

डिमेन्शियाच्या औषधांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डोनेपेझिलने काहींना थोडा काळ फायदा होतो. सुरू करण्याआधी ईसीजी हवा, कारण त्याने नाडी मंदावते, आणि मात्रा अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवायची. मेमँटिनचा चाळिशीवरच्या डाउन सिंड्रोम असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला. तो २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्यात फायदा दिसला नाही. बातम्यांत येणारी अमायलॉइड काढणारी नवी इंजेक्शनं तुमच्या भावासाठी आज मी सुचवणार नाही. त्यांच्या मोठ्या चाचण्यांत डाउन सिंड्रोमचे लोक घेतलेच नव्हते, आणि यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड असल्याने रक्तस्रावाचा धोका जास्त वाटतो. शांत करायच्या गोळ्या, रिस्पेरिडोन वगैरे, शेवटचा उपाय म्हणून, थोड्या मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी. आधी दुखतंय का ते शोधा. हा ‘दुखतंय’ म्हणणार नाही. ब्रश तोंडात घेत नाही म्हणजे दात, बसवत नाही म्हणजे बद्धकोष्ठ, हात कानाकडे जातो म्हणजे कान. आणि दोन-तीन दिवसांत एकदम बिघडला, तर तो डिमेन्शिया वाढल्याने नव्हे. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, पोटात साचलेला मळ, औषधांची गडबड यापैकी काहीतरी असतं. लगेच दाखवा.

‘आई कुठे आहे?’ असं तो विचारत असेल. आत्ता, त्याला समजतंय तोवर, खरं सांगा, सोप्या शब्दांत. बाहेरगावी गेलीय, येईल, असं सांगितलं की तो दाराशी वाट बघत बसतो आणि रात्रीचं फिरणं वाढतं. आईचा फोटो, तिचं एक जुनं लुगडं किंवा शाल त्याच्या खाटेजवळ ठेवा, तिच्या श्राद्धाला त्याला बाजूला काढू नका, त्याच्या हातून पान ठेवा. पुढे मात्र असा टप्पा येईल की दर वेळी त्याला ही बातमी नव्यानेच कळेल आणि तो दर वेळी तितकाच रडेल. तेव्हा सांगणं थांबवायचं. ‘आईची आठवण आली का रे? आई तुला काय करून द्यायची?’ असं म्हणत तिच्याविषयी बोलायचं.

कागदपत्रांचं काम मात्र याच महिन्यात सुरू करा. अठरा वर्षांनंतर कुणीच आपोआप कायदेशीर पालक नसतं, बहीणही नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. शस्त्रक्रियेची संमती, बँक, पेन्शन सगळीकडे ते पत्र लागतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा. नॅशनल ट्रस्टच्याच निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे, आणि डाउन सिंड्रोम आहे म्हणून नाकारत नाहीत. वडील रेल्वेत होते म्हणता, म्हणजे आईनंतर कौटुंबिक पेन्शनचा हक्क या भावाचा असू शकतो. जन्मापासूनचं दिव्यांगत्व आणि कमावता न येणं हे वैद्यकीय प्रमाणपत्राने दाखवावं लागतं. कितीतरी घरांत ही पेन्शन कुणी मागतच नाही.

पालकत्वासाठी बसाल तेव्हा भावंडांची बैठकही उरका. बहीण सांभाळते आणि भाऊ फोनवर सल्ले देतो, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता थेट विचारते: महिन्यातले कुठले दोन रविवार कुणाचे? नाहीतर पैसे कुणाचे? रात्रपाळीची बाई हा चैनीचा खर्च नाही. तुम्ही रोज रात्री जागलात तर सहा महिन्यांत तुम्हीच माझ्या ओपीडीत याल. रात्री दोन वाजता बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे.

संस्थेचा प्रश्न तुम्ही चाचरत विचारलात. निदानानंतरचा काळ बहुतेकदा काही वर्षांचाच असतो, आणि त्यातला शेवटचा भाग अंथरुणावरचा. तुमच्या घरात माणसं असतील, खालची खोली मिळत असेल, एक बाई परवडत असेल, तर तो घरीच राहावा असं माझं मत आहे, कारण नवी जागा त्याला आता शिकता येणार नाही. पण तुमचं शरीर साथ देत नसेल, त्याला उचलायला घरात कुणी नसेल, तर संस्था बघण्यात काही कमीपणा नाही. ती उशिरा, घाईघाईने, हॉस्पिटलमधून परस्पर बघण्यापेक्षा आत्ताच बघून ठेवा. नॅशनल ट्रस्टच्या घरौंदा (आता समर्थ-घरौंदा) या निवासी योजनेतली केंद्रंही विचारा. बौद्धिक दिव्यांगांच्या बऱ्याच संस्था तरुणांसाठी बनलेल्या असतात आणि वृद्धाश्रमांना डाउन सिंड्रोमचा अनुभव नसतो, तेव्हा पाटी वाचून ठरवू नका. न सांगता दुपारच्या जेवणाच्या वेळी जा. भरवणारी माणसं बसून भरवतात की उभ्याने, घास गिळेपर्यंत थांबतात का, एका माणसाकडे किती जण आहेत, रात्री कोण असतं, फिट आली तर कुठे नेतात, हे बघा आणि विचारा. मग परत एकदा रात्री आठनंतर जा.